डाव्या बाजूची पावलं

आमच्या युनोसावा गावच्या रस्त्याने मात्सुएबाई चालली की तिच्या डाव्या बाजूला हातभर जागा मोकळी राही. काठी उजव्या हातात. रस्ता कितीही अरुंद असो, दोन्हीकडून बर्फाचे ढीग अंगावर येवोत, बाई स्वतः भिंतीला घासत जाईल पण ती जागा सोडील. गरम झऱ्यात डुंबायला आलेल्या पाहुण्यांना वाटे, आंधळी आहे बिचारी, अंदाज चुकत असेल. आम्ही गावातले हसायचो. अंदाज चुकणाऱ्यांतली ती नव्हेच. तिच्या डावीकडून एक मूल चालायचं.

हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण पुलावर पोचल्यावर "जपून हं बाळ, इथे निसरडं आहे" असं ती खाली वाकून म्हणे, ते काय स्वतःच्या काठीला? एकदा देवळातले बुवा दोन पेले जास्त झाल्यावर तिला म्हणाले, "अहो बाई, भुताला पाय नसतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग पावलं कुणाची वाजतात?"

"पाय नसतील हो बुवा," बाई म्हणाली, "पण बर्फ दाबला जातो, त्याचं काय करू?"



बाईचे डोळे चौथ्या वर्षी गोवराने गेले. आठव्या वर्षी बापाने तिला गेन्साकु गुरुजींच्या दारात आणून सोडलं. गुरुजी स्वतः आंधळे, आणि जिभेचे तिखट. आमच्याकडे आंधळ्या माणसाला पोट भरायचे मार्ग दोनच. गळा असला तर गाणं, नाहीतर मालिश. मात्सुएचा गळा म्हणजे बिजागरीला तेल नसलेलं दार. तेव्हा अंगठे कामाला लागले. गुरुजी कागदाखाली केस ठेवायचे आणि तो कुठे आहे हे बोटाने शोधायला लावायचे. सापडला की वर आणखी एक कागद. चुकलं की टपली. तीन वर्षांनी मात्सुएला सात कागदांखालचा केस सापडू लागला, तेव्हा कुठे त्यांनी तिला माणसाच्या अंगाला हात लावू दिला.

जुनी मालिश म्हणजे चोळणं, मळणं, थोपटणं. कुणी नुसती पोटं दाबून बद्धकोष्ठ मोकळं करी, कुणी पाठीवर उभं राहून टाचांनी हाडं मोडी. पुढे युद्ध संपलं आणि शहरातले पाहुणे यायचे ते विचारायचे, "शिआत्सू करता का?" शिआत्सू म्हणजे ना चोळणं ना तेल, नुसत्या बोटांनी अचूक जागी दाबणं. सरळ, सावकाश, समोरच्याच्या श्वासाबरोबर. गावातल्या दहा मालिशवाल्यांनी घाईघाईने पाट्या बदलल्या. मात्सुएबाईला मौज वाटली, कारण गुरुजींनी तिला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं होतं. पाटी बदलल्याने अंगठा थोडाच बदलतो!

गुरुजींचे नियम तीन. पहिला, दाबतो तो एकच हात. दुसरा अंगावर स्वस्थ ठेवायचा, त्याचं नाव आईचा हात. दाबणारा हात फिरेल, दुखवील, पण आईचा हात काम संपेपर्यंत उचलायचा नाही. तो उचलला की अंगाला पोरकं वाटतं. दुसरा, बाईमाणूस असेल तर आधी पोट पाहायचं, मगच पाय. कारण पायाच्या घोट्यावर आतल्या बाजूला चार बोटं सोडून एक जागा आहे. तिथे तीन नाड्या मिळतात. गुरुजी तिला तिठा म्हणत. "पोटुशीच्या तिठ्यावर अंगठा टेकवलास," ते म्हणायचे, "तर ते मूल परत फिरतं. मग ते तुझ्याच मागे लागतं." आणि तिसरा नियम, हाताने ऐकलेलं तोंडाने बोलायचं नाही. कुणाला घरी मार बसतो, कुणाचं काळीज उद्या थांबणार, कुणाचे दिवस गेलेत, हे अंग सांगतं. मालिशवालीचं तोंड सुटलं की सगळ्या धर्मशाळांची दारं तिला बंद.

पहिला नियम आणि दुसरा नियम मात्सुएने आयुष्यात एकदाच मोडला, तोही एकाच दुपारी. तिसरा मात्र पाळला. तिन्हींतला तोच मोडायला हवा होता, असं मला वाटतं.

ते ड्रॅगनचं वर्ष, आमच्याकडे वर्षांना ओळीने बारा प्राण्यांची नावं असतात; युद्धाआधीचा शेवटचा हिवाळा. मात्सुए सव्वीस वर्षांची होती. कामोया धर्मशाळेत नुई नावाची एक मोलकरीण होती. दिवसभर जेवणाची ताटं घेऊन तीन जिने चढायची-उतरायची. दुपारची भांडी आवरली की मात्सुए या पोरींच्या पाठी दाबून द्यायची. नुईची पाठ तिच्या ओळखीची. कमरेच्या वरचं तिसरं हाड डावीकडे कललेलं, आणि उजव्या खांद्याच्या पात्याखाली अंगठा बरोबर बसेल असा खळगा. तशी दुसरी पाठ गावात नव्हती.

"मात्सुएताई, आज पाठ नको," नुई आडवी होत म्हणाली. "पाय नुसते पेटलेत. घोट्याच्या वर दाबा, आतल्या बाजूला. चांगलं जोरात."

"जागा बरी ठाऊक आहे तुला!"

"सांगितलं कुणीतरी."

"आधी पोट बघू दे."

"नको गं बाई, आत्ताच जेवलेय. हात लावलात तर सगळं बाहेर येईल."

मात्सुएने त्या दिवशी सकाळपासून चौदा पाठी दाबल्या होत्या. अंगठे सुजले होते. कंटाळा म्हणा, दमणूक म्हणा, तिने हट्ट धरला नाही. आईचा हात पोटरीवर ठेवला आणि उजव्या अंगठ्याने तिठा धरला. सात मोजेपर्यंत दाबायचं, सोडायचं. एका पायाला तीनदा. दुसऱ्या पायाला तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा नुई एकदम कळवळून कुशीवर वळली, आणि आईचा हात घसरून तिच्या ओटीपोटावर गेला.

तिथे एक ठोका होता. नुईच्या स्वतःच्या ठोक्याच्या मागोमाग येणारा, मण्यासारखा घरंगळत. उजवीकडे जरा जास्त. उजवीकडे म्हणजे मुलगी.

मात्सुएने दोन्ही हात उचलले.

"काय झालं?" नुईने विचारलं.

"काही नाही."

"मग थांबलात का?"

"आज एवढंच." मात्सुए उठली, चाचपडत काठी शोधली आणि निघून गेली. परत फिरावं, सांगावं, पुढे आठवडाभर पडून राहा म्हणावं, असं तिला वाटलं. पण हाताने ऐकलेलं तोंडाने बोलायचं नाही. ती घरी गेली.

तिसऱ्या दिवशी कामोयात नुईची जोडीदारीण योशिनो सांगत होती, "नुई गेली की! उजाडताना कोळशाच्या घसरगाडीवर बसून खाली उतरली. आई आजारी आहे म्हणाली. पण गाडीवाला सांगत होता, वाटभर दोन्ही हातांनी पोट धरून रडत होती."

मात्सुएने पुढे काही विचारलं नाही. नियमाचं निमित्त होतंच. पण खरं सांगायचं तर तिला उत्तर नको होतं. विचारलं असतं आणि "हो, गेलं मूल" असं कुणी म्हटलं असतं, तर? न विचारता निदान अर्धी रात्र झोप लागत होती.

त्याच आठवड्यात पुलावर ती पावलं पहिल्यांदा वाजली. तिच्या एका पावलाला त्यांची दोन. ती थांबली की थांबत. पुलाच्या टोकाला गुडघ्याएवढा दगडी जिझो बसलेला आहे. जगात न आलेल्या आणि येऊन लगेच गेलेल्या मुलांचा कैवारी देव. अशी मुलं पलीकडच्या नदीकाठी दगडावर दगड रचत बसतात आणि जिझो त्यांना आपल्या बाहीखाली घेतो. मात्सुएने त्याच्या गळ्यात लाल लाळेरं बांधलं, समोर साखरेचे काटेरी दाणे ठेवले, संक्रांतीच्या हलव्यासारखे, आणि म्हणाली, "चुकलं माझं. जा तू त्याच्याकडे."

पावलं गेली नाहीत. ती तिच्याबरोबर घरी आली.

एकतीस वर्षं ती तशीच चालली. दर महिन्याला नवं लाळेरं, रोज संध्याकाळी मूठभर दाणे. सकाळी दगड रिकामा असे. कावळे खात असतील, शाळेला जाणारी पोरं खात असतील, मला काय माहीत! बाईला वाटे तिच्या मुलीने खाल्ले. सुरुवातीला ती त्या पावलांना भ्यायची, कानांत बोळे घालून निजायची. मग चिडायची. "किती छळशील?" म्हणून एकदा तिने काठी उगारली आणि लगेच रस्त्यात बसून रडली. पुढे केव्हातरी ती त्यांच्यासाठी रस्त्यावरचे दगड काठीने बाजूला करू लागली. युद्धात भात मिळेना तेव्हाही दोन घास वाटीत काढून ठेवले. सेंदाईच्या एका आंधळ्या मालिशवाल्याने मागणी घातली, चांगला माणूस होता, तर म्हणाली, "घरात आधीच एक आहे." नाव मात्र तिने ठेवलं नाही. जिचा जीव घेतला तिचं बारसं कुठल्या तोंडाने करणार? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती पावलं कधी मोठी झाली नाहीत. एकतीस वर्षं तेच, एकाला दोन.

त्या एकतिसाव्या वर्षी माघातल्यासारखी कडाक्याची थंडी होती. घाट बर्फाने बंद झाला आणि सहलीची एक बस कामोयाच्या अंगणात अडकून पडली. दुपारी धर्मशाळेतून बाईला निरोप आला. बसमध्ये प्रवाशांना माहिती सांगणाऱ्या बाईचा खांदा धरला होता.

"या मावशी, या!" आतून घोगरा आवाज आला. "मी मित्सुयो. हा खांदा एकदा सोडवा, नाहीतर काढून बसच्या टपावर बांधते."

"काय करतेस इतकं?"

"दिवसभर प्रवाशांकडे तोंड करून उभी. बस पुढे जाते, मी मागे बघते. डावीकडे पाहा डोंगर, उजवीकडे पाहा नदी. तिशी झाली माझी. बाकीच्या पोरी विशीतच नवरा गाठून मोकळ्या होतात, त्यामुळे कंपनीत मला आजीबाई म्हणतात. मेल्यांना आवाज कोण देणार माझ्यासारखा?"

बाई हसली. नियमाप्रमाणे आधी पोट पाहिलं. मित्सुयोला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. पोटात काही नव्हतं, दुपारच्या शेवयांखेरीज. मग बाईने तिला पालथं केलं, डावा हात कमरेवर ठेवला आणि उजवा अंगठा मणक्यांवरून वर नेऊ लागली.

कमरेच्या वरचं तिसरं हाड डावीकडे कललेलं होतं.

तिने अंगठा सावकाश वर नेला, उजव्या पात्याखाली. खळगा होता. अंगठा त्यात जाऊन बसला, एकतीस वर्षांपूर्वी नुईच्या पाठीत बसायचा तसाच. बाहेर बर्फ पडत होता आणि मेलेल्या मुलीची पाठ तिच्या हाताखाली श्वास घेत होती. इतकी वर्षं डावीकडून चालणारी ही आता पुढ्यात येऊन झोपली, हिशोब मागायला आली, असंच बाईला वाटलं. तिने चटकन उजवा हात खाली नेऊन पाय चाचपले.

"मावशी, खांदा वर असतो!" मित्सुयो म्हणाली. "पाय कशाला चाचपताय?"

"आहेत का बघत होते."

"असतात हो साधारणपणे, माणसाला."

पाय होते. मोठे, थंडीने सुजलेले, करंगळीवर भोवरी असलेले. भुताला भोवरी होत नाही. बाईने उजवा हात पुन्हा खांद्याकडे नेला.

"जन्म कुठल्या वर्षीचा तुझा?"

"सापाच्या. ऐन उन्हाळ्यातला. म्हणून तर जीभ अशी वळवळते."

ड्रॅगनच्या पाठोपाठ साप. बाईने मनात महिने मोजले. दोनदा मोजले.

"आई कुठली?"

"खालच्या खोऱ्यातली. पण गंमत म्हणजे लग्नाआधी इथेच होती, याच कामोयात, ताटं उचलायला. गेल्या शरदात गेली बिचारी." मित्सुयोचा आवाज जरा खाली आला. "मावशी, तुम्ही इथल्याच ना? आईने मला एक काम सांगून ठेवलंय. या गावात तेव्हा एक आंधळी मालिशवाली होती. नाव आईला शेवटी शेवटी आठवेना. नुसतं म्हणायची, तिचा डावा हात ऊन असायचा."

बाईचा अंगठा दाबत राहिला.

"मी पोटात होते आणि बाप पसार झाला होता. आईला मी नको होते. तोंडावर सांगायची मला, लपवाछपवी नाही आमच्यात. तिला कुणीतरी म्हणालं, घोट्यावर दाबलं की मूल पडतं. म्हणून ती त्या बाईला फसवून दाबून घ्यायला गेली. आणि दाबता दाबता त्या बाईने एकदम हात उचलला. आई म्हणायची, ती बाई कधीच हात उचलत नसे, दार कोसळलं तरी. तिने उचलला आणि आईचं अंग गार पडलं. आई म्हणे, एका परक्या बाईला माझ्या पोटातलं इतकं लागलं, मग मी कोण लागून गेले? तीन दिवस आई निजली नाही. मग घसरगाडीवर बसून आजोळी गेली. वाटेत धक्के बसून मी पडेन या भीतीने दोन्ही हातांनी पोट धरून, रडत."

पोट धरून, रडत. तेच शब्द. बाईला ते एकतीस वर्षं पाठ होते.

"त्या बाईने कुणाला सांगितलं नाही, हे तिचे आणखी उपकार," मित्सुयो म्हणाली. "सांगितलं असतं तर मालकिणीने बर्फातच हाकलली असती. आई म्हणाली, जिवंत असेल तर तिला शोध आणि सांग की तिने उचललेल्या हाताचं हे एवढं मोठं धूड झालंय. मावशी, तुम्हीच तर नाही ना?"

एक शब्द बोलायचा होता. 'हो' म्हटलं की संपलं. मूल मारल्याचा डाग पुसला गेला असता, शिवाय एक माणूस मिळालं असतं, घोगरं, हसरं, वर्षातून दोनदा बस घेऊन येणारं. आणि बाईला त्या क्षणी आनंद झाला नाही. तिला दाराबाहेरचं आठवलं. डावीकडे, चपलांपाशी, तिची मुलगी उभी असेल, रोजच्यासारखी वाट पाहत. ही खरी असेल तर ती कोण?

"अकरा जणी होतो आम्ही तेव्हा," मात्सुएबाई म्हणाली. "कुणाचा हात ऊन होता, आता कोण सांगणार!"

"खरंच," मित्सुयो म्हणाली.

खांदा सुटला. कामाला तासभर लागला. शेवटी उजवा हात बाईने मांडीवर घेतला. डावा कमरेवरच राहिला.

"झालं का मावशी?"

"झालं."

हात उठेना. चहा गार होईपर्यंत तो तिथेच राहिला. मित्सुयो हलली नाही आणि काही विचारलंही नाही. बडबडी खरी, पण शेवटी उचललेला हात ओळखणाऱ्या नुईची मुलगी. न उचललेला तिला कळला असणारच.

बाई बाहेर पडली. दारात चपला घातल्या, काठी उजव्या हातात घेतली, डावीकडे हातभर जागा सोडली आणि चालू लागली. दहा पावलांवर ती थांबली. पुन्हा चालली. पुन्हा थांबली. बर्फ फक्त तिच्याच पायांखाली दाबला जात होता.

"बाळ," ती म्हणाली. "अगं, चल ना."

पुलावर ती बराच वेळ उभी होती. मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या योशिनोने तिला पाहिलं. बाई गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरून हवा चाचपत होती, घरात पडलेली सुई शोधावी तशी. "काय हरवलं मात्सुएबाई?" योशिनोने विचारलं. बाईने मान हलवली. मग तिने जिझोच्या गळ्यातलं लाळेरं नीट केलं, दाणे ठेवले, आणि भिंतीला न घासता, रस्त्याच्या मधोमध चालत घरी गेली.

सकाळी घाट उघडला. बस निघताना मित्सुयोची शिट्टी आणि तिचा घोगरा आवाज झऱ्याच्या वाफेतून पुलापर्यंत येत होता. "या, या, मागे या, येऊ द्या!" बाईने तो शेवटपर्यंत ऐकला. बस वळणापलीकडे गेल्यावर ती जिझोपुढे बसली. आपण कुणाला मारलं नव्हतं, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हात पुढे करून दगड चाचपला.

कालचे दाणे तसेच होते. एकही कमी झाला नव्हता. बर्फाने दगडाला चिकटले होते. मात्सुएबाईने ते एकेक करून नखाने सोडवले, लाळेऱ्यात बांधले, आणि मग तिथे, भर सकाळी, पोटची मुलगी गेल्यासारखा तिने हंबरडा फोडला.